सोबत बालक एक

शुक्रवार, सकाळी

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, ते घे आणि जरा शांत बस. दुकानात गिऱ्हाईक असेल तर आधी त्याला त्याचा चष्मा देऊन वाटेला लाव. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं असं तू म्हणशील, पण फोनवर तू मला आजवर एक तरी वाक्य पुरं करू दिलं आहेस का? छत्तीस वर्षं बालवर्ग शिकवला, त्यामुळे कुठलं पोर मध्येच तोंड घालणार हे मला लांबूनही कळतं. आणि हे मध्येच तोडलं तर पुन्हा सुरू करण्याची ताकद माझ्यात नाही. परवा, रविवारी, तू त्या नळदुरुस्तीवाल्या गृहस्थांना घरी आणणार आहेस, आईसमोर बसवणार आहेस आणि सांगणार आहेस की हा तुझा मोठा मुलगा. त्याआधी हे पत्र तू वाचायलाच हवंस. म्हणून टपालावर विश्वास न ठेवता शेजारच्या शिवणवाल्या बाईंच्या हाती पाठवते आहे.

तुझं हे पूर्वज शोधण्याचं खूळ कुठून सुरू झालं ते आपल्या दोघांनाच माहीत आहे. दफनभूमीत मागच्या भिंतीलगत तो बुटका दगड आहे, त्यावर एका बाईचं नाव आणि खाली ‘इस्पितळ, धुलाई खातं’ एवढंच कोरलेलं. तू लहान असताना आई दर गुरुवारी तुला हाताला धरून तिथं न्यायची. तण उपटायची, डब्यातून आणलेल्या पाण्यानं दगड पुसायची आणि हलकेच म्हणायची, लक्ष असू द्या. या कोण म्हणून विचारलंस की उत्तर ठरलेलं, आपल्याच आहेत. तुला वाटायचं, बाबांची कुणी आत्या असेल, आणि आई तुझ्यावरच लक्ष ठेवायला सांगते आहे. पुढे बाबा गेले, आईची आठवण आज आहे तर उद्या नाही अशी झाली, आणि तुझ्या मनानं घेतलं की ही बाई आपली कोण हे सांगायला थोड्या दिवसांनी कुणी उरणार नाही. मग तू नोंदणी कचेरीच्या पायऱ्या झिजवायला लागलास.

सुरुवातीला मला गंमत वाटली. जुनी मोडकी अक्षरं वाचायला तुला माझी मदत लागायची, आणि मलाही घरी बसून भिंती किती बघणार. त्या वाचनखोलीत आपण दोघं शेजारी बसून कागद उलटत होतो ते दिवस, खरं सांगते, मला फार आवडले. तुझ्या पणजोबांचं वय दर जनगणनेला दहा वर्षांऐवजी सहाच वर्षांनी वाढत होतं, हे लक्षात आल्यावर आपण इतके हसलो की तिथल्या बाईंनी आपल्याला वर्गातल्या पोरांसारखी तंबी दिली. दुकानात भिंगांच्या खणांवर तू तो मोठा तक्ता लावलास. पणजोबा, त्यांचे दोन भाऊ, होड्या दुरुस्त करणारे खापरपणजोबा, सगळे आपापल्या चौकटीत जाऊन बसले. फक्त धुलाई खात्यातली बाई कुणालाच जोडता येईना. ना माहेरकडून, ना सासरकडून. तू तिची चौकट तक्त्याच्या कडेला काढून ठेवलीस आणि तिच्याकडे जाणारी रेघ मोकळीच सोडलीस.

मग यंदा पन्नास वर्षांपूर्वीच्या जनगणनेच्या घरयाद्या लोकांसाठी खुल्या झाल्या. तू धावतपळत आलास, हातात प्रत, चेहरा पांढरा पडलेला. आपल्या जुन्या गल्लीतलं तुमचं घर, कुटुंबप्रमुख बाबा, पेशा पुस्तकबांधणी, त्यांच्याखाली आई, आणि त्याखाली मुलगा, वय वर्षं चार. तुझ्या जन्माच्या दोन वर्षं आधी. एकुलत्या एक मुलाला आई जन्मभर धाकट्या का म्हणते, सगळी गल्ली का म्हणते, याचं कोडं तुला त्या क्षणी सुटलं. तू खाली बसलास आणि म्हणालास, मावशी, मला भाऊ आहे. होता म्हणाला नाहीस. मी पाणी आणायला आत गेले आणि बराच वेळ आतच राहिले. बाहेर आले तेव्हा तू कागद उजेडाला धरून म्हणत होतास की या प्रगणकाचं अक्षर बघ किती सुबक आहे, घरोघरी जाऊन मोजणी करणाऱ्याला भेटायलाच हवं. मी म्हटलं, तो कुठला आता, गेलाही असेल. स्वतःलाच मारून मी मोकळी झाले.

हो, धाकट्या. ते अक्षर माझं आहे. त्या वर्षी शाळेतल्या आम्हा सगळ्या तरुण मास्तरणींना मोजणीच्या कामाला जुंपलं होतं, आणि माझ्या वाट्याला माझीच गल्ली आली होती. तू ओळखलं नाहीस कारण माझं हल्लीचं अक्षर म्हणजे कावळ्याचे पाय. आणि मी सांगितलं नाही कारण मी भ्याले. पन्नास वर्षं जे तोंडातून काढलं नाही ते तुझा तो उजळलेला चेहरा समोर असताना काढणार कसं? म्हटलं, शोधेल थोडे दिवस, काही सापडणार नाही, थंड होईल. पण तू आईवर गेला आहेस, एकदा धरलेलं तू सोडत नाहीस.

त्यानंतर तू दफनभूमीच्या नोंदवह्या पालथ्या घातल्यास. त्या वयाच्या मुलाची नोंद कुठंच नाही. शाळेच्या पटावर नाही, लसीकरणाच्या यादीत नाही, मेलेल्यांच्या यादीतही नाही. तुझा हिशेब सरळ होता. मोजला गेला म्हणजे होता, आणि पुरला गेला नाही म्हणजे आहे. आईला विचारलंस तर ती म्हणाली, आहे की, त्याला थंडी फार बाधते. मग तुला आणखी कुठला पुरावा हवा होता? तू ठरवलंस की बाबांनी त्याला अडचणीपायी कुणाला तरी देऊन टाकला आणि त्याच शरमेनं ते जन्मभर गप्प राहिले. बाबांचा फोटो तू दुकानातून काढून ठेवलास, तेही मी पाहिलं आहे. ते पाहून घरी आले आणि मला जेवण गेलं नाही.

आणि मग तुझी ती छोटी जाहिरात वाचून ते नळवाले आले. मी त्यांना एकदाच पाहिलं, तुझ्याच दुकानात. चोपन्न वर्षांचा माणूस, हाताला तेलाचा वास, बोलायला लाजरा. चार वर्षांचे असताना कुणीतरी अनाथगृहाच्या दारात सोडून गेलं, त्याच्या आधीचं काही आठवत नाही म्हणाले. तू त्यांचे कान बाबांसारखे आहेत म्हणालास. अरे, कान सगळ्यांचेच कानांसारखे असतात. प्रयोगशाळेत तपासणी करून घेऊ असं आधी तूच म्हणालास, आणि पुढच्या आठवड्यात तूच म्हणालास की भावाकडे पावती काय मागायची. त्यांनी तुझ्या दुकानातला गळका नळ न सांगता दुरुस्त केला, तेव्हा तुझे डोळे भरून आले. त्यांच्यात खोट काढायला माझ्याकडे काही नाही, आणि म्हणूनच मला झोप येईनाशी झाली.

आता त्या दिवसाचं सांगते. मोजणीचा दुसरा दिवस, सकाळची वेळ. आम्हाला शाळेच्या सभागृहात बसवून तीन-तीनदा बजावलं होतं की ठरलेल्या तारखेला जे जिवंत असतील तेच लिहायचे, पाळण्यातलं मूल सोडायचं नाही आणि गेलेलं माणूस धरायचं नाही. तुमच्या दारात मी उभी राहिले आणि मला ठाऊक होतं की तुझा भाऊ अकरा दिवसांपूर्वी गेला आहे. घटसर्प झाला होता, घसा बंद झाला. इस्पितळात नेला तो परत आला नाही. जाताना बाबांच्या खांद्यावरून त्यानं मला हात केला होता, कारण पुढच्या वर्षी तो माझ्याच वर्गात यायचा होता. आईला मी तेव्हापासून रडताना पाहिलं नव्हतं. ती दारात आली, माझ्या हातातली फळी आणि कागद पाहिले, आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली, “तीन लिही. तो आत झोपलाय, हळू बोल.” तिच्यामागे बाबा उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी फक्त मान खाली घातली.

आणि मी लिहिलं. मुलगा, वय वर्षं चार. तेवीस वर्षांची होते मी, मला वाटलं, एका आकड्यानं काय सरकार बुडतंय. वाटलं, मी तिच्यावर दया करते आहे. वरिष्ठांनी नंतर विचारलं की घरटी खात्री केलीत ना, तर मी डोळ्याला डोळा देऊन हो म्हटलं. पण त्यापुढचं मला आधी सुचलं नव्हतं. त्या दिवसापासून तुझी आई कुणी समजवायला आलं की सांगायची, तो आहे, सरकारनं मोजलाय. बायका म्हणायच्या, अगं रड, मोकळी हो, तर ती त्यांना माझ्या नावाचा दाखला द्यायची. महिना गेला, सहा महिने गेले, ती जेवायला दोन पानांऐवजी तीन पानं घेत राहिली. शेवटी बाबांनी ती गल्लीच सोडली आणि बिऱ्हाड शहराच्या दुसऱ्या टोकाला नेलं, जिथं कुणी विचारणारं नव्हतं. तिथं तू झालास. बाबांनी कुणाला काही दिलं नाही, धाकट्या. त्यांनी आपलं मूल स्वतःच्या हातांनी मातीत ठेवलं आणि बायकोसाठी मरेपर्यंत ते गिळलं. माझ्या दयेनं तुझ्या आईला रडू दिलं नाही, आणि बाबांनाही नाही. याचं मला जन्मभर दुःख आहे.

एक गोष्ट मात्र मलाही माहीत नव्हती, की त्याला ठेवलं कुठं. गेल्या मंगळवारी मी एकटी नोंदणी कचेरीत गेले आणि त्या महिन्याची दफनाची वही मागवली. तुला आठवते ती वही? टेबलावर मावत नाही एवढी रुंद. तू धुलाई खात्यातल्या बाईंची नोंद नकलून घेतलीस ती डाव्या पानावरची, नाव, वय, तारीख, जागेचा क्रमांक. कारकुनानंही त्याच पानाची प्रत काढून दिली. पण त्या वहीत एकेक ओळ डाव्या पानावरून उजव्या पानावर जाते, बाळा. उजवीकडे शेवटचा रकाना शेऱ्याचा आहे. लोकांना चष्मे करून देतोस आणि स्वतः अर्धीच ओळ वाचून आलास. मीही कधी तुझी प्रत नीट तपासली नाही, तेव्हा तुला एकट्याला कशाला बोलू. त्या बाई गेल्या ती तारीख तुझ्या भावाचीच तारीख. आणि त्यांच्या ओळीत, शेऱ्यात, लिहिलं आहे: सोबत बालक एक. नाव नाही, वय नाही.

मी तशीच दफनभूमीत गेले. तिथले म्हातारे रखवालदार आहेत, त्यांचे वडील त्या काळी खणण्याचं काम करायचे. त्यांना विचारलं तर त्यांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. वडिलांचा तसा नेमच होता म्हणाले. पाच वर्षांच्या आतलं मूल ते एकटं ठेवत नसत. त्या दिवशी जे कुणी मोठं माणूस आलेलं असेल त्याच्या कुशीत देत, शक्यतो बाईच्या. नात्याचं असो वा नसो. त्या बाईंना कुणी नव्हतं, इस्पितळाच्या गाडीतून एकट्याच आल्या होत्या, आणि मागोमाग बाबा आले असतील. मी त्या दगडापाशी उभी राहिले तेव्हा मला आईचं ते लक्ष असू द्या आठवलं. दर गुरुवारी ती कुणाला कुणाच्या हवाली करत होती ते मला कळलं, आणि या वयात, भर दुपारी, त्या भिंतीला धरून मी रडले. तुझ्या तक्त्यावरच्या त्या बाई तुमच्या रक्ताच्या कुणी नाहीत. पण त्या आपल्याच आहेत, आई खोटं बोलत नव्हती.

नळवाल्या गृहस्थांना हे पत्र दाखव. त्यांना सांग की फसवलं असेल तर ते तू नाही, एका मास्तरणीनं फसवलं, आणि ती त्यांची माफी मागते. त्यांनाही कुणीतरी हवं होतं, हे मी विसरलेले नाही. रविवारी त्यांना जरूर आण, पण पाहुणा म्हणून आण. माणूस जोडायला कागद लागत नाही, तुझ्या आईनं ते पन्नास वर्षं करून दाखवलं आहे. आणि बाबांचा फोटो आज संध्याकाळच्या आत जागेवर लाव.

आता शेवटचं. हे सारं मी आपण होऊन लिहिलं असं समजू नकोस, एवढं धाडस माझ्यात असतं तर तीन महिन्यांपूर्वीच तोंड उघडलं असतं. काल तू दुकानात असताना मी तुझ्या आईकडे गेले. ती खिडकीत बसून धुतलेल्या उशांचे अभ्रे घडी करत होती आणि काल तिचा दिवस चांगला होता, सगळं आठवत होतं. मी शेजारी बसले आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा तिच्यासमोर त्या आजाराचं नाव घेतलं. मग उजव्या पानाचं सांगितलं, मग रविवारचं. ती कितीतरी वेळ एकच अभ्रा पुन्हा पुन्हा घडी करत राहिली. मग म्हणाली, “तो माणूस समोर आला तर मी हो म्हणेन. मला माहितीये मी हो म्हणेन. मग त्या तिथल्याचं काय?” आणि ती रडली. पहिल्यांदा, मोठ्यानं, तोंडाला पदर न लावता. मी तिला धरून बसले. शांत झाल्यावर तिनं माझा हा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाली, “तू लिहिला होतास ना? आता तूच खोड. धाकट्याला माझ्यानं सांगवणार नाही.” तो कागद आता सरकारचा आहे, त्यावर खाडाखोड करायला मला कुणी देणार नाही. म्हणून इथं करते आहे, तुझ्यासमोर, तिच्या सांगण्यावरून. मी तुमच्या दारात आले त्या दिवशी तुमच्या घरात दोनच माणसं होती, धाकट्या. तीन नव्हती.

तुझीच,
मावशी